फुटक्या खडकाला पाणी कधी उभं राहतं

"मला खाली ने," मेन लांद्रा म्हणाली.

सुकर्सा हवेच्या टाक्यांना नळ्या जोडत बसला होता. म्हातारी घोट्याइतक्या पाण्याबद्दल बोलत असेल असं वाटून त्याने मान वर केली नाही.

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. तू पाहुण्यांना नेतोस तिथे."

मागे टाक्या उतरवणाऱ्या बायका थांबल्या. मेन रुमीला तर निमित्तच हवं असतं. "अगं, खाली जाऊन काय करणार तू? माशांच्या टाक्या वाहणार?"

"तुला बघून बघून मासे कंटाळलेत. मला बघू देत जरा," मेन लांद्रा म्हणाली. बायका हसल्या. ती हसली नाही.

या गावात पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव संपतं. पुढे ती जन्मभर त्या मुलाची आई, मेन अमुक. मूल मेलं तरी नाव बदलत नाही. लांद्राला पुरून दीड वर्ष झालं होतं, आणि रोज वीस वेळा त्याच्याच नावाने त्याच्या आईला हाका मारल्या जात होत्या. मेन लांद्रा, दोन टाक्या इकडे. मेन लांद्रा, सरक जरा. सुकर्साला पोरबाळ नव्हतं, म्हणून चाळिशी उलटली तरी गावाला तो नुसता सुकर्सा.

म्हातारी एकसष्ट वर्षांची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडव्या दोन टाक्या, पायांखाली निसरडे काळे गोटे. पाहुण्यांना समुद्राखाली नेणाऱ्या दुकानापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दुकानापर्यंत तीस वर्षं. जगभरचे लोक जी हवा ओढून समुद्राखालची मजा बघून गेले, ती हवा या बाईच्या मानेवरून गेली होती. त्यातला एक श्वास तिला कुणी देऊ केला नव्हता. दुकानाच्या पाटीवर 'नवशिक्यांचं स्वागत आहे' असं चार भाषांत रंगवलं होतं. त्यात तिची भाषा नव्हती. टाकी डोक्यावर घेतली की ती काटा न बघता सांगायची, ही भरलेली, ही अर्धी, ही रिकामी. तीस वर्षांत चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

"मेमे," सुकर्सा म्हणाला. गावातल्या सगळ्या आयांना तो मेमेच म्हणायचा, हिला म्हणताना मात्र जीभ अडखळायची. "कशासाठी?"

तिने त्याच्या शेजारी बसकण मारली. बायका पांगू दिल्या. मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात गावाचं दहन आहे. पुरलेल्या सगळ्यांना उकरून जाळणार, राख समुद्रात सोडणार. माझा पोरगा अर्धाच आहे, सुकर्सा. अर्ध्याला जाळून काय करू?"

"बोलावणं झालं होतं ना? देवळाच्या पुजाऱ्याने, मांगकूंनी स्वतः केलं होतं."

"इथे केलं. होड्यांच्या किनाऱ्यावर, छत्रीखाली, पाय कोरडे ठेवून. माणूस जिथे दचकून मरतो, तिथेच त्याचा जीव मागे राहतो. जिथे राहिला तिथे जाऊन हाक मारायची असते. माझा इथे मेला का? तो फुटक्या खडकाला मेला. पाण्याखाली मेला. स्वप्नात येतो तो केसांतून पाणी गळत येतो. दारात उभा राहतो. आत ये म्हटलं की मागे बघतो."

सुकर्साने हातातली नळी पुन्हा काढली आणि पुन्हा जोडली.

"मला फुटक्या खडकाला ने. मी हाक मारते. माझ्या हाकेला येईल."

तो हो म्हणाला. नाही म्हणायचं तोंड त्याला नव्हतं. का नव्हतं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यांतला एक पुरला गेला होता.

त्या दिवशी सुकर्सा देवळात होता. देवळाच्या कामाची पाळी आली की घरटी एका पुरुषाने जावंच लागतं. न जाणाऱ्याचं मढं उचलायलाही गाव येत नाही. तो नारळ फोडत होता, तेव्हा लांद्रा फाटकापाशी आला. आत यायला कमरेला कापड बांधावं लागतं, ते नव्हतं, म्हणून थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारून बाहेरूनच विचारलं, "ब्ली, फुटक्या खडकाला पाणी कधी उभं राहील? दुकानाचा मालक म्हणतो, दोघं नवे आहेत, पण पाटीवरचा फोटो तिथलाच आहे, त्यांना तिथेच जायचंय."

नव्यांना तिथे नेऊ नये, हे सुकर्सा तेव्हा म्हणाला नाही. ते मालकाने म्हणायचं होतं. मालक कधी म्हणत नाही.

भरती चढते, मग ओहोटी लागण्याआधी थोडा वेळ पाणी उभं राहतं, ना इकडे ना तिकडे. फुटका खडक जमिनीच्या टोकाला आहे. सगळं पाणी त्या टोकाला वळसा घालून पळतं. तिथे उतरायचं तर फक्त उभ्या पाण्यात. दुकानाच्या भिंतीवर भरती-ओहोटीचा छापील तक्ता होता. देवळात नव्हता. देवळात भिंतीवरचं पंचांग होतं आणि सुकर्साची बोटं होती. बापाने शिकवलेला हिशोब असा: पुनवेला पाणी साडेनऊला उभं राहतं, पुढे तिथीमागे पाऊण तास वाढवायचा. पंचांगात त्या दिवशी वद्य तृतीया होती. तीन तिथी, तीन पाऊण तास. नारळाच्या पाण्याने चिकट झालेल्या बोटांच्या पेरांवर त्याने मोजलं आणि सांगितलं, "पावणेबारा."

पण आदल्या दिवसाच्या चौकटीत दोन तिथी होत्या. दोन महिन्यांतून एकदा अशी तिथी गिळली जाते, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पुनवेनंतर दिवस दोनच झाले होते. तिथी पंचांगात गिळली जाते, समुद्रात नाही. समुद्र दिवस मोजतो. पाणी अकराला उभं राहिलं, पावणेबाराला उधाणाची ओहोटी टोकावरून सुसाट सुटली होती, आणि लांद्रा दोन पाहुण्यांना घेऊन नेमका तेव्हा उतरला.

त्याने दोघांनाही खडकावर ढकललं. एक वाचला, दुसरी वाचली. पाण्याने त्याला पाण्याखालच्या कड्यावरून खाली ओढलं. तिसऱ्या दिवशी दक्षिणेला होडीवाल्यांना सापडला. पाहुण्यांनी घरी पोचल्यावर दुकानाबद्दल चांगलं लिहिलं, समुद्राचा राग दुकानावर काढला नाही. मालकाने तांदळाचं पोतं पाठवलं. पोत्यावर दुकानाचा शिक्का होता. तेविसाव्या वर्षी मेलेल्या माणसाचा एवढाच काय तो निकाल.

सुकर्साने संध्याकाळी तक्ता बघितला, मग पंचांग बघितलं. कुणाला बोलला नाही.

आता त्याने म्हातारीला आठवडाभर कमरेइतक्या पाण्यात शिकवलं. पहिल्या दिवशी टाकी बघताच तिचे हात आपोआप डोक्याकडे गेले. मेन रुमी काठावर लोळून हसली. "पाठीवर गं, पाठीवर. डोकं रिकामं ठेव आज. तसंही असतंच."

"तुझ्यापेक्षा भरलेलं आहे. वजन करून सांगते," मेन लांद्रा म्हणाली.

तोंडात नळी धरून श्वास घ्यायचा, डोळ्यांवरच्या काचेत पाणी शिरलं तर नाकाने फुंकून काढायचं, नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे, सगळं ती एकदा सांगून शिकली. सुकर्साने बँकेतले साहेब बघितले होते, खेळाडू बघितले होते, गुडघाभर पाण्यात रडणारे. ही बाई पाण्याखाली बसली की देवळात बसल्यासारखी बसायची. श्वास इतका सावकाश की बुडबुडे मोजता यावेत.

मग दिवस आणि जागा ठरवायची वेळ आली. या वेळी तो भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभा राहिला आणि वही घेऊन उभा राहिला. पुनव-अमावास्येची उधाणं सोडून दिली. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, भरती धड चढत नाही, ओहोटी धड उतरत नाही, ओढ मरून जाते. दुपारी वारा उठतो, म्हणून सकाळ. अष्टमीच्या सकाळी पावणेनऊला ओहोटी संपून पाणी उभं राहणार होतं.

आदल्या दिवशी तो एकटाच फुटक्या खडकाला उतरला. भांगाच्या दिवसांतही पाणी तिथे बारा मिनिटं उभं राहिलं, तेराव्या मिनिटाला त्याच्या पोटरीला हात लावल्यासारखं सरकलं. उतरायची वाट धारदार खडकावरून, बाहेर यायची वाट तीच एक, ती चुकली की पुढे खोल निळं. अनुभवी माणसाला बारा मिनिटं पुरतात. पहिल्यांदाच उतरणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या बाईला बारा वर्षं पुरणार नाहीत. एका घरातला दुसरा जीव तिथे न्यायचा?

याउलट होड्यांचा किनारा. उतार मऊ, तळ दिसत राहतो, कुठूनही सरळ वर आलं की डोकं बाहेर काढता येतं. भांगाला गोटे उघडे पडत नाहीत, लाट फुटत नाही. नवशिक्यासाठी याहून चांगली जागा अख्ख्या किनाऱ्यावर नाही. पाच पुरुष खोलीवर एक खडक आहे, मधोमध चिरलेला.

तिने फुटका खडक कधी पाण्याखालून बघितलाच नव्हता. तिने काहीच बघितलं नव्हतं. सुकर्साला हे सुचलं आणि स्वतःची शिसारी आली, तरी सुचलेलं त्याने टाकून दिलं नाही.

"इथूनच शिरू," अष्टमीला तो म्हणाला. "पाण्याखालून जाऊ फुटक्या खडकापर्यंत. वरून वाट वाईट आहे."

मेन लांद्राने त्याच्याकडे बघितलं. "तू म्हणशील तसं. यातलं तुला कळतं."

कमरेला तिने पांढरं कापड बांधलं होतं. हातात झाकणाची ताडपत्राची टोपली. आत पांढरा दोरा, झेंडूच्या पाकळ्या, लांद्राचा घडी घातलेला शर्ट. जीव टोपलीत बसतो, टोपली डोक्यावर घ्यायची, मागे न बघता देवळात न्यायची. बोलावणं असं असतं.

ती उतरली. सुकर्साने तिचा दंड धरला आणि तिला त्याच किनाऱ्याच्या पाण्यातल्या पाण्यात गोल गोल फिरवलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, वाट लांब वाटावी म्हणून. निळ्या माशांचा थवा दोनदा भेटला, तिला तो दुसरा थवा वाटला असेल. वीस मिनिटांनी त्याने चिरलेल्या खडकाकडे बोट दाखवलं. हाच.

ती गुडघ्यांवर बसली. टोपलीचं झाकण उघडलं तशा पाकळ्या वर सुटल्या, शर्टाची बाही फुगली. तिने खडकावर तळहात ठेवला. चिरेत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने चिरेत हात घातला आणि काहीतरी काढून पोटाशी घेतलं. सुकर्सा मागे होता, त्याला दिसलं नाही.

मग ती ओरडली. तोंडात नळी, त्यामुळे शब्द नव्हता, नुसता एक लांब घोगरा आवाज आणि बुडबुड्यांचा लोट. तीनदा. पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, चहूकडून येतो. सुकर्साला तो स्वतःच्या छातीतून आल्यासारखा वाटला. त्याची काच आतून पाण्याने भरली आणि ते पाणी समुद्राचं नव्हतं.

वर आल्यावर बायकांनी तिची टाकी उतरवली. तिने टोपली डोक्यावर घेतली नाही. गोट्यांवर बसून राहिली. बायकांना म्हणाली, "जा तुम्ही. मला दम लागलाय." त्या गेल्यावर तिने कापडातून ती वस्तू काढली आणि सुकर्साच्या पायांपाशी ठेवली.

एक चुंबळ होती. आत दोरखंड, वर कापड, कापडावर शेवाळ आणि चुना चढलेला. एका ठिकाणी तांबडी-पिवळी चौकट अजून दिसत होती.

"माझी आहे," ती म्हणाली. "लांद्रा सहावीत होता. लाटेने मला इथे, या होड्यांसमोर पाडलं. टाकी सापडली, चुंबळ नाही. माझ्या लग्नातल्या लुगड्याची होती, म्हणून लक्षात आहे. ती चालत चालत फुटक्या खडकाला गेली का रे?"

सुकर्सा स्वतःच्या टाकीचे पट्टे सोडू लागला.

"टोकाकडून सगळं बाहेर वाहत जातं. इथलं तिथे जात नाही, तिथलं इथे येत नाही. खाली नसेन गेले, पण तीस वर्षं काठावर आहे मी. पाहुणी नाही."

"तिथे तुम्ही मेला असता, मेमे."

"मग तसं सांगायचं. मला येडी करून गोल गोल फिरवलंस." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "चुंबळ बघितली तेव्हाच कळलं. तरी हाक मारली. म्हटलं, आलोच आहोत तर मारू, लांबून ऐकू जाईल. लहानपणीही पहिल्या हाकेला कधी यायचा नाही तो."

सुकर्साने तेव्हा सगळं सांगितलं. फाटक, नारळ, बोटांची पेरं, तृतीया, गिळलेली तिथी, पावणेबारा. दीड वर्ष दाबून ठेवलेलं सांगायला चार वाक्यं लागली.

ती चुंबळीवरचा चुना नखाने खरवडत राहिली. एक खपली निघाली, मग दुसरी.

"तिथी गिळलेली तुला दिसली नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पंचांगात ती तांबड्या शाईत असते."

"हो."

"आणि तो विचारायला तुझ्याकडेच आला. तक्ता दुकानात लटकत होता, तरी तुझ्याकडे आला."

तिने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, थुंकली असती तर बरं झालं असतं. तिने टोपली त्याच्यापुढे सरकवली.

"उद्या पाणी कधी उभं राहील तिथे? बोटांवर नको. तक्ता बघून सांग."

"पावणेदहा. भांगाला पाऊण नाही, तास वाढतो. तक्ता बघितलाय."

"मग तू जा. तू हाक मार. तुझ्या शब्दावर गेला तो, आला तर तुझ्याच शब्दावर येईल."

दुसऱ्या दिवशी नवमी. म्हातारी टोकावरच्या कड्यावर उभी राहिली, पांढरं कापड नेसून. लांब पायवाटेवर बायका प्रसादाची ताटं घेऊन थांबल्या होत्या. बोलावणं पुन्हा आहे एवढंच त्यांना माहीत होतं. सुकर्सा पावणेदहाला उतरला.

खडकाची चीर माणूस उभा मावेल एवढी. पाणी उभं होतं. त्याने टोपली उघडली, दोऱ्याचं टोक चिरेत सोडलं. आता हाक मारायची होती. रोज मारायचा तो, लांद्रा, पट्टे आण, लांद्रा, मेल्या, झोपलास का. नळीत तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. पाच मिनिटं गेली. सात गेली. कशी मारणार? कोणत्या तोंडाने, कोणत्या वेळेचा वायदा करून? नवव्या मिनिटाला तो ओरडला. नाव नव्हतंच ते. तो 'अकरा' ओरडला. अकरा, लांद्रा, अकराला उभं होतं पाणी. बुडबुडे झाले आणि वर गेले. चिरेतून एक छोटा खेकडा बाहेर येऊन पुन्हा आत गेला. मग पोटरीला पाण्याचा स्पर्श झाला. त्याने दोरा गुंडाळला, टोपली झाकली, आणि एकुलत्या एका वाटेने वर आला.

खडकावर गुडघे फुटले. टोपलीतून पाणी गळत होतं. मेन लांद्राने दोन्ही हातांनी ती घेतली. डोक्यावर काल सापडलेली चुंबळ आधीच बसवली होती, चुन्यासकट. टोपली तिच्यावर ठेवली, हात सोडले आणि मान सरळ करून डोळे मिटून उभी राहिली, टाकी घेतल्यावर उभी राहायची तशी. पाणी तिच्या कपाळावरून, मिटलेल्या डोळ्यांवरून ओघळत होतं.

सुकर्सा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आयुष्यात कशाची एवढी वाट त्याने बघितली नव्हती.

तिने डोळे उघडले.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"मेमे, पुन्हा पंधरा दिवसांनी भांग आहे. मी परत..."

"गप्प." मान हलू न देता ती वळली. "मांगकूंना सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. दहन व्हायला हवं त्याचं. किती दिवस मातीत ठेवू?"

ती पायवाटेने चालू लागली, मागे न बघता. विधीत मागे बघायचं नसतं. सुकर्सा फुटके गुडघे घेऊन चार पावलं मागे. वळणावर मेन रुमी पुढे आली. आज ती मस्करी करत नव्हती.

"मेन लांद्रा," तिने हळूच विचारलं, "आला का गं?"

मेन लांद्रा थांबली नाही.

"आला," ती म्हणाली. "सरक जरा. जड आहे."